सुमनबाईचा हात

मोहाडी, शुक्रवार, मार्च १९८२

गेल्या महिन्यात सुमनबाईच्या दंडावरच्या चट्ट्याला कापूस टेकवला, तर डोळे मिटूनही ती दरवेळी ‘हूं’ म्हणाली. चट्टा बधिर नाही, म्हणजे कुष्ठरोग नसावा. तरी मन मानेना. कातडीचा तुकडा काढून नागपूरला पाठवला. आज रिपोर्ट आला, कुष्ठरोगच. मग मी चुकलो कुठे?

नवऱ्याला बाहेर बसवून पुन्हा कापूस लावला. तिला काही कळेना. तेव्हा आठवलं, गेल्या वेळी तो तिचा दुसरा हात धरून बसला होता. कापूस टेकला की दाबत असणार. त्याला आत बोलावलं. रागावणारच होतो, तेवढ्यात तोच म्हणाला,

“तुम्ही तिले कुष्ठधामात नेऊन ठेवाल असं वाटलं, साहेब.”

गोळ्या घरीच घ्यायच्या, म्हटलं.

“मंग आता हात धरला त चालते ना?”

धरा. फक्त मी तपासताना सोडा.