उंदीर चालले, मग भाऊसो का नाही

३ नोव्हेंबर, सकाळी ७
रॅम्प रद्द. ट्रॉलीवरून पडून मणका गेला त्याला सहा वर्षं झाली. आता व्हीलचेअरचे शेवटचे आठवडे. काल सांगलीच्या दवाखान्यात केबिनबाहेर थांबलो होतो. आत बोलणं चाललं होतं: मज्जारज्जूत नव्या पेशी सोडल्या आणि लुळे उंदीर चालायला लागले. पुढं कुणीतरी दार लावलं. माझे कान तिखट, मुद्दा कळला.

घराला तीन पायऱ्या. चौघांनी उचललेलं मला आवडत नाही, म्हणून दवाखाना सोडून कुठं जात नाही. वेळही नसतो. बायकोनं, सुलाबाईनं, रॅम्पसाठी जोतिबा गवंडी बोलावला होता. परत पाठवला.

५ नोव्हेंबर
फ्लेक्स छापून आणला. आमच्याकडं म्हैस व्याली तरी लागतो. 'पुन्हा स्वतःच्या पायांवर उभे राहिल्याबद्दल भाऊसोंचं हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार.' तारीख घातली नाही. याला म्हणतात धोरण. फोटो जुना, उभा.

बायको म्हणाली, "आवं, त्या उंदरांनी बी आधी फ्लेक्स छापला हुता का?"
तिला विज्ञान कळत नाही.

९ नोव्हेंबर
संकल्प: रोज तासभर पायाच्या अंगठ्याला हुकूम सोडायचा.
९.१० हलला!
९.१२ माशी होती.

१४ नोव्हेंबर
सांगली. डॉक्टर श्रद्धाताईंनी दाराआड राहिलेलं सांगितलं. उपचार अजून चाचणीत आहे. माणसाला किती गुण येईल ते ठरायचंय. आणि त्यांच्या चाचणीत घेतात मणक्याला नुकतं लागलेल्यांना, सहा वर्षांच्या जुन्याला नाही. मी विचारलं, उंदीर किती जुने होते? दोन आठवडे, म्हणाल्या. तोवर घराबाहेर पडत चला, असंही म्हणाल्या.
म्हणजे नाही म्हणाल्या नाहीत. 'तोवर' म्हणाल्या.
घरी चौघांनी उचललं. डोळे मिटून घेतले.

१५ नोव्हेंबर
अंगणात जोतिबा. कुणी बोलावलं?
"वैनींनी. तुमी रद्द केलं तवाच म्हणाल्या, दहा-बारा दिसांनी ये."
आलाच आहे तर उतार मीच काढून दिला. फूटभर उंचीला बारा फूट लांबी. ट्रॉल्या बनवत जन्म गेला माझा, गवंड्याला काय कळतंय.

१८ नोव्हेंबर
रॅम्पच्या ओल्या काँक्रीटवर माझा फ्लेक्स अंथरलाय. सकाळी कोंबडी अभिनंदनावरून आरामात चालत गेली.

२७ नोव्हेंबर, संध्याकाळी
एकटा उतरलो. थेट चहाच्या टपरीवर. लय दिसांनी, भाऊसो, म्हणाले सगळे. म्हटलं, कामात होतो. दोन चहा घेतले.
येताना रॅम्पवर निम्म्यात दम संपला. मग खुर्ची आपोआप वर जायला लागली. मागं सुलाबाईच्या बांगड्या वाजत होत्या. मी वळून बघितलं नाही.
म्हणजे एकटाच चढलो.