चुलीपुढं उघडलेली वाट

६ नोव्हेंबर

गायलो! घरात, चुलीपुढं, डोक्यावर छप्पर असताना — आणि घरात कोणी मेलेलं नसताना!

अक्षर वाकडं येतंय.

काल दुपारी ख्वांग मॅनेजर जेवायला आला होता. शहरातून सहलीच्या बस आणतो तो. ओनी, माझी नात, त्याच्याच कंपनीत वाटाडी आहे. तिनं आंबट रश्श्यातला मासा केला होता. तांदळाची दारू मी ओतत होतो आणि त्याच्यापेक्षा जास्त मीच पीत होतो. ख्वांग म्हणाला, "काका, वेशीवर शिंगातून दारू पाजायची, चांदीचे मुकुट घातलेल्या पोरी, बांबूचे पावे — हे खालच्या गावातही आहे, वरच्या गावातही. लोक बसमध्ये घोरतात हो! फक्त तुमच्याकडं आहे असं काय?"

गप्प बसायचं होतं. पण कवितेचा विषय निघाला की मी आजही शाळेतला पोरगाच होतो, हात वर करून गुरुजींपुढं उभा राहणारा. म्हणालो, आमची सगळ्यांत सुंदर कविता तुम्ही ऐकलीच नाही. आणि म्हणूनही दाखवली —

ऊठ, राख झटक, उंबरा ओलांड,
विहिरीला एकदा तोंड दाखव...

पांगच्या, माझ्या बायकोच्या, हातातली पळी पडली. तेव्हा कुठं माझं तोंड बंद झालं.

वाटेचं गाणं! माणूस पुरून आलं की त्याचं डोक्याचं फडकं — आमच्यात बाईपुरुष सगळेच बांधतात — जाळायचं आणि हे गायचं. मग जीव एकेक मुक्काम मागं टाकत जातो. उंबरा, विहीर, भातखाचर, नदी... शेवटी उगवतीकडची ती सपाटी, जिथून आमचे पूर्वज डोंगर चढून आले. शिकायचं तेसुद्धा गावाबाहेर, रानात. घरात उगीच गायलं की वाट उघडते. आणि मग त्या घरातलंच कोणीतरी तिच्यावरून जातं.

ओनी चुलीकडं पाठ करून बसली होती. पोटुशी. हसत होती!

७ नोव्हेंबर

पांग दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी डुकरांना खाणं घालताना एवढंच — "कविता म्हणायला तुला चूलच सापडली का रे म्हाताऱ्या? एवढं रान ओस पडलं होतं होय?"

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

८ नोव्हेंबर

ओनी जिन्यावरून घसरली. दोनच पायऱ्या. उठली, पोटावर हात ठेवून खिदळली. "बघा आजोबा, तुमच्या पणतवाला आत्तापासूनच नाचायचंय!"

मी खांब धरून उभा राहिलो.

९ नोव्हेंबर

पलीकडच्या डोंगरावर वांगताऊकडे गेलो. हे गाणं येणारा माझ्याशिवाय तोच एक उरलाय. सगळं सांगितलं. त्यानं चिलीम काढली, भरली, पेटवली. म्हटलं, अरे बोल की!

"काय बोलू? तुला लहानपणापासून ओळखतो. तुझ्या तोंडाला कधी दार नव्हतंच."

"थट्टा नको. बंद कशी करायची ते सांग."

"बंद होत नाही. पुरी करावी लागते. उंबऱ्यापासून सपाटीपर्यंत सगळं गायचं. मध्ये नाव घ्यायचं. फडकं जाळायचं."

"नाव कुठलंही घेतलं तर? बाजारातून नवं फडकं आणलं तर?"

"नव्या फडक्याला कोणाचा घाम असतो?" तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "नाव आपण आपल्या समाधानाला घेतो, च्यांग. वाट धरते फडक्याला. ज्याच्या डोक्याचं फडकं, तो जातो. आणि पुरी नाही केलीस, तर ती वाट आपली आपण घेईल. कोवळं आधी घेते."

कोवळं आधी! उतरताना सगळ्या वाटेनं तेच कानांत.

१० नोव्हेंबर

माझंच फडकं जाळायचं. ठरलं.

शाळेत आम्ही एक कविता घोकायचो, धुक्यातून होडी एकट्यानं वल्हवत निघालेल्या माणसाची. गुरुजी डोळे मिटून म्हणायचे, आणि आम्ही मागच्या बाकावर भाजलेले चेस्टनट खायचो. वाटायचं, काय मजा आहे त्याची! एवढी होडी, एवढी नदी, सगळी एकट्याला. आज ती कविता पुन्हा म्हणून पाहिली. पहिल्या कडव्यानंतर पुढं जाववेना.

११ नोव्हेंबर

ख्वांगनं परस्पर ठरवूनही टाकलं! शनिवारी शांघायचे पाहुणे येणार, त्यांच्यापुढं वाटेचं गाणं.

ओनी नाचतच आली. हा कार्यक्रम झाला तर बस आपल्याच गावाला येत राहणार, आणि तिला इथं कचेरीत बसून काम. नाहीतर पोटातलं ओझं घेऊन किनाऱ्यावर नवऱ्याकडं, कारखान्यात. "आजोबा, नाटक तर आहे! असं काय चेहरा करून बसलात? मेलंय का कोणी?"

म्हटलं, अगं, असं बोलू नये.

"बरं बाई, नाही बोलत," म्हणाली आणि माझ्या ताटातला मुळा उचलून खाल्ला.

शनिवारीच पुरी करतो. निदान छपराखाली नाही, वेशीजवळच्या मेपलखाली. खरं कोणाला सांगायचं नाही.

१३ नोव्हेंबर

पांगला म्हणालो, माझं जुनं डोक्याचं फडकं काढून ठेव. लग्नातलं. कार्यक्रमाला लागतंय.

तिनं माझ्याकडं खूप वेळ पाहिलं. एवढं तिनं मला गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नसेल.

"लग्नातलं?"

"हो."

"बरं."

बस. मला वाटलं होतं विचारेल, भांडेल. थोडं वाईटच वाटलं.

१४ नोव्हेंबर

फडकं दिलं. घट्ट गुंडाळी करून, भाताच्या काडीनं बांधून. "सोडू नकोस. घडी मोडेल." जाळायच्या फडक्याची घडी! हसू आलं. पण हसलो नाही. लगेच उशाखाली ठेवलं. छातीत मधेच धाड् होतं आणि मग थांबतं. थांबलं की जास्त भीती वाटते.

१५ नोव्हेंबर

झालं.

काय झालं ते लिहितो, नाहीतर डोकं फुटेल. मेपलखाली खुर्च्या, लाल गालिचा. शांघायचे लोक फोन वर धरून बसलेले. ओनी मध्ये उभी राहून समजावत होती — "हे आमच्या पूर्वजांचं प्रवासगीत" — आणि एक हात सारखा पोटावर. मी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर गाता आलं नसतं.

उंबरा ओलांडला. विहीर झाली. नाव घ्यायची जागा आली. घेतलं — च्यांग, लीचा पोरगा च्यांग. पाहुण्यांना काय कळणार! पण चांदी घालून उभ्या असलेल्या आपल्या गावच्या बायका एकदम थिजल्या. कोणाच्या तरी मुकुटाचे घुंगरू वाजत राहिले, थरथरून.

फडकं आगीत टाकलं. काडी आधी जळली. आणि मग वास आला, केसांना लावायच्या चहा-बियांच्या तेलाचा! कुठून आला कुणास ठाऊक. मी तिथं नव्हतोच मग. मी तरुणपणी पावे वाजवून नाचायचो त्या माळावर होतो, आणि पांग पुढच्या रांगेत, केसांचा अंबाडा तेलानं चकाकतोय, लाकडी फणी खोचलेली, आणि ती मुद्दाम माझ्याकडं बघत नाहीये. वाटलं, शेवटी माणसाला एवढंच आठवत असेल तर मरण इतकं वाईट नाही. सूर फाटला. तसाच सपाटीपर्यंत गेलो.

गाणं संपलं की कोणी बोलायचं नसतं. मागं न बघता घरी चालत जायचं. आणि यांनी टाळ्या वाजवल्या! उभं राहून! ख्वांग धावत आला — "काका, फाटलेला तो सूर! रडले लोक! पुढच्या शनिवारी परत!"

पांग गर्दीच्या मागं उभी होती. माझ्याकडं नाही, आगीकडं बघत. डोक्याला बाजारातला गुलाबी टॉवेल. म्हटलं, हा कुठला नवा? म्हणाली, "वारा आहे." आणि पुढं चालू लागली.

१६ नोव्हेंबर

अजून आहे.

सकाळी पाणी प्यायलो तरी वाटलं, हेच का शेवटचं. कुत्रं भुंकलं तरी दाराकडं बघतो. पांगनं अंडं उकडून आणलं, सोलून हातात दिलं. शेजारी बसली. किती दिवसांनी!

"घाबरलास?"

"छे."

"मी पण नाही," ती म्हणाली.

तिनं कशाला घाबरायचं? विचारणार होतो, पण ती उठून कोंबड्यांकडं गेली.

१८ नोव्हेंबर

ओनी तालुक्याला तपासून आली. बाळ उत्तम! लाथा मारतंय. कचेरीतलं कामही पक्कं. ख्वांगला सांगितलं, परत गाणार नाही. तो चिडला. चिडू दे. वाट पुरी झाली, माझी पोर सुटली. आता माझं काय व्हायचं ते होऊ दे — असं लिहितो खरं, पण पेन धरलेली बोटं गार पडलीत.

पांग आज पडूनच आहे. थंडी वाजते म्हणते. ऊन एवढं असताना!

१९ नोव्हेंबर

पांगनं शाल मागितली. तिची पेटी उघडली. वरच, नीट घडी करून, माझं फडकं. लग्नातलं. तिचं कुठंच नाही.

आतून हाक आली — "सापडली का रे, म्हाताऱ्या?"

सापडली, म्हणालो.