मागे उभं राहून मोजलेले पत्ते

बेडोक, सिंगापूर
१४ जुलै २०१३

प्रिय सुबोध यास,

निशिकांतचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? वहिनींना नमस्कार सांग, पण पुढचा मजकूर वाचून दाखवू नकोस. (त्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि माझी शोभा साऱ्या पेन्शनर संघात व्हायला नको.)

मी इथे आलो तो नातीला, अश्लेषाला, गणित शिकवायला. संध्याकाळी तासभर शिकवणी, उरलेला दिवस खायला उठायचा. अशात कळलं की इथल्या कसिनोत परदेशी माणसाला पासपोर्ट दाखवला की प्रवेश फुकट आणि आत मायलो नावाचं चॉकलेटचं पेयही फुकट. (रुचिर इथला पर्मनंट रेसिडेंट, त्याला शंभर डॉलर पडतात. मुलापेक्षा बापाला मान जास्त, असं हे एकच ठिकाण.)

देवाशपथ सांगतो, एक डॉलरही लावला नाही. ब्लॅकजॅकच्या टेबलामागे उभा राहून नुसते पत्ते मोजले. लहान पत्ता गेला की अधिक एक, दहा, चित्र किंवा एक्का गेला की उणे एक. बेरीज वाढली म्हणजे उरलेल्यांत मोठे पत्ते जास्त, तेव्हा पैज वाढवावी. पण पुढ्यात बसलेल्या चिनी आजी नेमकं उलटं करत होत्या, आणि समोर गणित चुकत असताना गप्प बसणं मला छत्तीस वर्षांच्या नोकरीत जमलेलं नाही. त्यांना शिकवलं. मग शेजारच्याला. तिसऱ्या दिवशी सात जणांचा वर्ग झाला. (हजेरी तेवढी घेत नव्हतो.)

आधी कसिनोवाल्यांनी पत्ते वाटणारा डीलर बदलला. मग नवा डीलर निम्मे पत्ते शिल्लक असतानाच पिसायला लागला, म्हणजे आमची बेरीज पुन्हा शून्यावर. मी तक्रार केली, तेव्हा सुटातले एक गृहस्थ आले, स्वतः मायलो दिला आणि अदबीने म्हणाले, "अंकल, यू प्ले, कॅन. टीच पीपल, कॅनॉट लाह." मोजणं गुन्हा नाही म्हणे, पण त्या टेबलाशी पुन्हा फिरकायचं नाही.

इथवर निभावलं. गेल्या रविवारी आम्ही सगळे हॉकर सेंटरमध्ये जेवत असताना त्याच आजी समोर उभ्या. "टीचर, नेक्स्ट लेसन व्हेन?" सूनबाईंचा चमचा हातातच राहिला. घरी आल्यावर रुचिरने आवाज न चढवता शिकवणी बंद केली. आता अश्लेषा ट्यूशन सेंटरला जाते आणि जाताना माझ्याकडे बघत नाही. मी चुकलो रे. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

तुझा,
निशिकांत

ता. क. रुचिर तुला मानतो. शिकवणी पुन्हा सुरू करावी अशा दोन ओळी त्याला लिही.

आणखी ता. क. त्या ओळी राहू देत. काल घरात कोणी नसताना रुचिर शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "बाबा, ते अधिक-उणे एकदा नीट सांगा ना." शंभर डॉलर भरून हा आत जाणार, हे मी ओळखलं. सांगितलं, ते गणितच चुकीचं आहे, बापाला जमलं नाही. तो खात्री करायला तुला फोन करील. चाळीस वर्षं तू माझ्या गणितात चूक शोधतो आहेस आणि एकदाही सापडली नाही. या वेळी सापडली म्हणून सांग.