फितीतला घूंऽऽ

प्रिय ओमुर बाइके,

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो, हो, बरं आहे" म्हणतोस, नोवोसिबिर्स्कला बर्फ किती पडलं ते सांगतोस आणि ठेवून देतोस. तेव्हा आता धाकट्या बहिणीचं हे मुकाट्यानं वाच. इथे नारिनमध्ये घरी बरं नाहीये. महिन्याभरापासून आईचा आवाज बसलाय, नुसती कुजबुज उरलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अठ्ठ्याऐंशी वर्षांचं हृदय आहे, फार दिवस धरू नका. मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरते, चहा करते आणि प्यायचा विसरते.

आईचा हट्ट एकच. आजोबा गेले तेव्हा तंबूत बसून तिनं जो कोशोक, मेलेल्या माणसासाठीचा शोक, गायला, तो मी शिकायचा आणि तिच्या वेळी गायचा. "मी गेल्यावर आत बसून काय मोबाईल वाजवणार आहेस?" आवाज गेला तरी टोमणा कसा नेमका बसतो बघ. पण त्या शोकाचे अर्धे शब्द आता तिलाच आठवत नाहीत. ते आहेत फक्त तू भरलेल्या त्या फितीवर.

त्या फितीचं नाव काढलेलं तुला आवडत नाही, ठाऊक आहे मला. मी बारा वर्षांची होते, तू बावीसचा. आम्ही बायका आत भिंतीकडे तोंड करून बसलेलो, पुरुष बाहेर काठीवर वाकून मोठ्यानं रडत होते, आणि तू तंबूच्या लोकरी नमद्याच्या कडेखालून मायक्रोफोन आत सरकवला होतास. चाळिसाव्या दिवशी बाबांनी क्लबात सगळ्या गावासमोर ती फीत लावली, तर भोंग्यातून आईच्या आवाजावर हा मोठा घूंऽऽ! आई भर लोकांत उठली. "आजोबा गेले तेव्हा रडायचं सोडून हा तारा ओढत होता. त्यांना आवडलं नाही ते, म्हणून हा घूं!" तू टोपी उचललीस आणि निघालास. त्यानंतर किती वेळा घरी आलास, बोटांवर मोजता येईल. आणि मीही, खोटं कशाला बोलू, सगळ्यांसारखीच म्हणत आले की ओमुरनं फीत बिघडवली.

तर बाबांचा मोठा टेपरेकॉर्डर काढला, नातीच्या लॅपटॉपला तारेनं जोडला आणि फीत लावली. घूंऽऽ! तोच. नातीनं कॉम्प्युटरमध्येच तो आवाज गाळून बघितला, तर आई बादलीत तोंड घालून गातेय असं वाटायला लागलं. तारा बदलल्या, टेबल हलवलं. शिवाय प्रत्येक वेळी फितीचा तपकिरी भुगा खाली पडतो. चौथ्यांदा लावल्यावर मी मशीन बंदच केलं. अशी किती वेळा लावणार? शब्दच झडून गेले तर?

शेवटी म्हाताऱ्या जापार आकेंना बोलावलं. क्लबाचे भोंगे तेच सांभाळायचे, आठवतात ना? आले, टोपी न काढताच खाली वाकून भिंतीकडे बघत बसले. मग विचारलं, "फीत भरली तेव्हा मशीन कशावर चालत होतं?" मी म्हटलं, छोटं मशीन होतं, बॅटरीवर, कुरणातल्या तंबूत कुठली आलीय वीज? "मग बाई, विजेचा घूं फितीत शिरला कुठून?" बाबांनी टेपरेकॉर्डरला बांधलेली तांब्याची तार आकेंनी दाखवली. शॉक बसू नये म्हणून आपल्याकडे सगळेच बांधतात तशी, गरम पाण्याच्या पाइपाला. इकडे लॅपटॉपची अर्थिंग नव्या सॉकेटमधून, तिकडे याची पाइपातून. दोघं मधल्या तारेनं जोडले की त्या गोल चकरेत वीज फिरत राहते, आणि ऐकू येते ती तीच. क्लबातही तेच झालेलं, टेपरेकॉर्डर एका पाइपाला आणि भोंग्याचं यंत्र दुसऱ्याला. "मी तुझ्या बापाला म्हटलं होतं," आके म्हणाले, "पण त्या रडारडीत माझं कोण ऐकतंय!"

लॅपटॉपचा चार्जर काढला. बॅटरीवर चालवला. बस, एवढंच.

बाइके, घूं गेला. मागे घोडा फुरफुरतो तेही ऐकू आलं. आईला उशीला टेकवून बसवलं होतं. तिनं स्वतःचा कोशोक शेवटपर्यंत ऐकला, ओठ हलवत. मग आतल्या बायका गप्प झाल्या आणि नमद्यापलीकडून, मायक्रोफोनच्या अगदी जवळून, कुणीतरी "ताता, माझे ताता" म्हणत हुंदके देत होतं. जाड, खालचा आवाज. इतकी वर्षं तो त्या घूंच्या खाली दबला होता. आजोबांना ताता म्हणणारा घरात तू एकटाच.

आईनं ते तीनदा लावायला लावलं. फीत जपायची म्हणून मी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलेलंच लावलं. मग तोंड भिंतीकडे केलं तिनं. संध्याकाळी मला जवळ बोलावून म्हणाली, "त्याला लिही. रडत होता माझा मुलगा. मी सगळ्यांसमोर खोटं बोलले, ते आता सगळ्यांसमोर परत घेईन म्हणावं. पण तो समोर हवा." तू आलास की येणाऱ्या पहिल्या शुक्रवारी जेवायला या, असं तिनं शेजारच्या बायकांना सांगून ठेवलंय. कुजबुजीतच सांगणार आहे. तू यायच्या आधी तिला काही झालं, तर ते माझ्याकडून ऐकायची पाळी तुझ्यावर येईल, आणि मला ते नकोय. पत्र मिळालं की निघ.

वाटेकडे डोळे लावून बसलेली तुझीच,
बुरुल