पाठ टेकल्यावर

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
८ मे २०२४

तीर्थरूप दादांस,
धाकट्या अंगदचा नमस्कार. आम्ही बरे आहोत. नळाला आठवड्यानंतर काल पाणी आलं. समोरच्या प्लॉटवर सात मजली इमारत उभी राहतेय; त्यांनी बोअर घेतल्यापासून आमचं कोरडं पडलंय. चितेगावला टँकर वेळेवर येतो ना? वहिनींचा गुडघा कसा आहे?

शालूबद्दल लिहायचं टाळतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. रविवारी शालू लढत हरल्यावर हॉलमधून निघताना तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "माझी पोरगी वर, ती खाली, अन् निकाल खालचीचा? असल्या खेळात लेक नाय पाठवायची." महिनाअखेरीस पुण्यात निवड चाचणी आहे. तिचं नावही काढू दिलं नाहीत.

पुतणीची लढत म्हणून मी पंचांच्या टेबलावरून आधीच उठलो होतो. तरी तुमच्या शेजारी बसून मनाशी गुण मांडत होतो. शेवटच्या फेरीत माझाही कौल शालूच्या विरोधात गेला. घरच्या पोरीशी उगाच कठोर होतोय का, हे स्वतःला पुन्हापुन्हा विचारलं. उत्तर बदललं नाही.

कुस्तीत पाठ टेकली की संपलं. या एमएमएत, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये, पाठ टेकल्यावरही झुंज चालूच असते. पट काढून पाडलं, छान. पण पाडल्यावर काय केलं, हे पंच बघतो. ठोसे, गळा आवळणं, हात अडकवणं, याला किंमत. नुसतं वर पडून राहिलं तर फारसं काही मिळत नाही. समोरची मुलगी खालून सारखी गळ्याला विळखा घालत होती. शालू फक्त मान सोडवत होती.

दादा, आता खरं तेच लिहितो. पाडल्यावर शालूने ठोसा मारायला छाती उचलली होती. तेवढ्यात तुम्ही ओरडलात, "दाब! उठू नको!" आणि ती तशीच दबून राहिली. तालमीत तुम्ही जे शिकवलंत, तेच तिने केलं. चूक दोघांचीही नाही. खेळ वेगळा होता.

हे तुझ्या आबांना का सांगत नाहीस, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "काका, सांगितलं तर ते ओरडायचंच सोडतील. मला त्यांचा आवाज लागतो. काय ओरडायचं, तेवढं शिकवा त्यांना."

मोठ्या भावाला शिकवायचं म्हणजे जीभ जड होते. तरी शिकवीन. शनिवारी तिला घेऊन या, सतरंजी अंथरून ठेवतो. रागावून आलात तरी चालेल.

पुण्यात तिच्या कोपऱ्यात उभं राहून ओरडायची जागा तुमचीच, असं धरून चाललेला,
अंगद