चष्मेवाल्याला दिलेला नकार

प्रिय धाकटे,

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तू उगाच हळवी होणार नाहीस: मला तुझा हेवा वाटतो. लोकांना दुसऱ्याच्या घराचा नाहीतर दागिन्यांचा वाटतो, मला तुझ्या झोपेचा वाटतो. पाठ टेकली की तू घोरतेस आणि सकाळी टुणकन उठतेस. मी गोळी घेऊन झोपते आणि दुपारपर्यंत डोक्यात कापूस भरल्यासारखी वावरते. तुझ्या कमरेचाही वाटतो. तुझा तो निळा झगा मी सवयीने माझ्याच मापाने बेतला, कारण लहानपणापासून एकीचं माप घेतलं की दोघींचं भागायचं. तो तुला इतका ढगळ झाला की तू आरशासमोर पोट धरून हसलीस. औषधांनी मला दुप्पट केलंय, हे कात्री चालवताना माझ्या ध्यानातच नव्हतं. मीही हसले, पण आतून जळले.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मला भिंतीपलीकडून माझं नाव घेणारी माणसं ऐकू यायला लागली. तू त्याच खोलीत, त्याच भिंतीला टेकून पाठांतर करत होतीस. स्किझोफ्रेनिया हा शब्द घरात आला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी तुझ्याकडे. चेहरा एक, आई एक, वाढदिवस एक, मग हिला कसं नाही? वाईट आहे, पण असंच वाटलं.

जुळ्यांच्या त्या अभ्यासासाठी आपण रक्त दिलं, तेव्हा तू घाईने निघून गेलीस. मी संशोधक बाईंना धरून बसले. त्या म्हणाल्या, जनुकं तुमची सारखीच, पण त्यांच्यावर रासायनिक खुणा असतात. कुठल्या जनुकाने किती काम करायचं ते त्या खुणांवर ठरतं, आणि आईच्या पोटात असल्यापासून त्या प्रत्येकीच्या वेगळ्या होत जातात. कधी ताणाने, कधी आजारपणाने, कधी नुसत्या योगायोगाने. मला लगेच पटलं. कापड एकच, खडूच्या रेघा वेगळ्या. मग माझी वाकडी रेघ कुठली ते दाखवा, म्हटलं. तर खुणांमुळे आजार आला की आजाराने आणि औषधांनी खुणा बदलल्या, हेच अजून नीट उलगडलेलं नाही म्हणे. म्हणजे इतकी वर्षं तुझ्यावर जळायला माझ्याकडे धड कारणसुद्धा नाही!

परवा तुझा चष्मेवाला माझ्या शिवणकामाच्या दुकानात आला. मी मशीनमागे बसलेली, त्याला नुसता चेहरा दिसला. जगाचे डोळे तपासणारा माणूस, पण त्याला मी तूच वाटले. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं, ते माझ्याकडे बघून आजवर कुणाच्याच चेहऱ्यावर उमटलेलं नाही. लगेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. एक सबंध श्वास मी तू होते. मग मी उभी राहिले आणि त्याला कळलं.

तू त्याला लग्नाला नकार दिल्याचं त्यानेच सांगितलं. मूल झालं आणि ते माझ्यासारखं निघालं तर, म्हणून. मला वाटलं होतं, ऐकून मला गारगार वाटेल. उलट अंगाचा तिळपापड झाला. मला जे कधी मिळायचं नाही ते तू स्वतःच्या हाताने लोटतेस, आणि वर पावती माझ्या नावाने फाडतेस! मी माझ्या डॉक्टरांना विचारलं. तुझ्या मुलांना धोका इतरांपेक्षा जास्त, पण बहुतेकांना काही होत नाही, आणि आधीच सांगेल अशी तपासणीही नाही. तरी नको असेल तर नको. पोट तुझं, संसार तुझा. तो आवडत नसेल तर तसं सांग. पण मी जशी आहे तसं कुणी जन्माला येऊच नये, हे तू त्याला सांगितलंस, मला नाही. म्हणून लिहितेय. उशिरा का होईना, मी रोज शटर उघडते, लोकांच्या अंगाला बसेल असं शिवते, भाडं भरते, कधीकधी खूप हसते. हे सगळं नसतं तर बरं झालं असतं, असं तुला वाटतं का? उत्तर त्याच्याकरवी पाठवू नकोस. इथे ये आणि माझ्याकडे बघून दे.

तुझीच,
थोरली