पाऊण तासाची दोन वाक्यं

प्रिय आई,

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, "त्या पाऊण तास बोलल्या आणि तू दोनच वाक्यं सांगितलीस. बाकीचं कुठं गेलं?" मी हसण्यावारी नेलं. डॉक्टर लोक एकच गोष्ट चारदा सांगतात, म्हणाले. तूही हसलीस. तुझ्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही आणि आजही ते माझ्याकडे पूर्ण नाही. पण आज शुक्रवार आहे, सोमवारी तुझं ऑपरेशन ठरलं होतं, आणि बाकीचं कुठं गेलं हे त्याआधी तुला कळायलाच हवं.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तू चौथीपर्यंत शिकलेली, अक्षराला अक्षर जोडत वाचतेस, पण एकदा वाचलेलं विसरत नाहीस. चष्मा लाव, निवांत बस. पत्र बाबांच्या हातात देऊ नकोस, ते पहिली ओळ वाचून थेट शेवटावर उडी मारतात.

घरात आलेला प्रत्येक कागद माझ्याकडे यायचा, हे मी सातवीत असल्यापासूनचं. विजेचं बिल, शाळेची सूचना, घरमालकाचं पत्र. मी वाचायला लागले की बाबा म्हणायचे, "पाल्हाळ नको बाई, थोडक्यात सांग." मग थोडक्यात सांगायची सवयच लागली, आणि थोडक्यात सांगता सांगता बोचेल ते गाळायचीही. तुझ्या लाँड्रीतून एकदा नोटीस आली होती. उशिरा येणाऱ्या तिघींची नावं होती, दुसरं तुझं. पुन्हा उशीर झाला तर अर्धा दिवस कापू, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी तुला सांगितलं, "सगळ्यांना वेळेवर या म्हटलंय." पुढच्याच आठवड्यात तुझा अर्धा दिवस कापला गेला आणि तू सुपरवायझरशी भांडून आलीस, की मला आधी कुणी सांगितलंच नाही. मी कोपऱ्यात गृहपाठ करत बसले होते. मान वर केली नाही. तेव्हा मी तेरा वर्षांची होते, म्हणून स्वतःला माफ करून टाकलं. आता तेवीस वर्षांची आहे.

डॉक्टरीणबाईंना आपली भाषा येत नाही आणि तुला त्यांची. मधल्या खुर्चीवर मी. त्यांनी कागदावर चित्र काढलं, गाठ कुठं आहे ते दाखवलं, माझ्याकडे बघून बोलत राहिल्या आणि तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मी तुला म्हणाले, "गाठ लहान आहे, वेळेवर सापडलीय. तेवढीच काढतील आणि मग चार आठवडे रोज किरणांचा शेक घ्यायला जायचं." ही दोन वाक्यं खरी आहेत, आई. त्यात खोटं काही नाही. पण त्यांनी सांगितलेल्यातला हा अर्धाच भाग होता.

त्या म्हणाल्या होत्या की दोन रस्ते आहेत. पहिला मी तुला सांगितला तो. दुसरा म्हणजे त्या बाजूची छाती पूर्ण काढायची. तसं केलं तर, गाठ एवढी लहान असल्यामुळे, शेक बहुतेक लागणार नाही. जखम मात्र मोठी असते, आतलं पाणी निघायला काही दिवस नळी ठेवावी लागते आणि हात पूर्ववत वर जायला वेळ लागतो. पहिल्या रस्त्यात छाती राहते, पण काढलेल्या भागाच्या कडेला रोग उरलेला दिसला तर पुन्हा टेबलावर जावं लागतं, आणि त्याच जागी तो परत यायची शक्यता थोडी जास्त असते. काखेतल्या एक-दोन छोट्या ग्रंथी दोन्ही रस्त्यांत काढून तपासतात. पुढच्या गोळ्यांचं त्या तपासणीनंतर ठरेल. आणि एक गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली. आयुष्य दोन्हींत सारखंच. एक रस्ता शहाणा आणि दुसरा वेडा असं नाही. "त्यांना काय झेपेल आणि काय हवंय, ते त्यांनाच विचारा," असं त्या म्हणाल्या. त्यावर मी मान डोलावली, आणि तुला विचारलंच नाही.

का, ते सांगायचा प्रयत्न करते. मला वाटलं, तू दुसरा रस्ता घेशील आणि तोही चुकीच्या कारणासाठी. चार आठवडे रोज शेक म्हणजे रोजचे खाडे, आणि तू तर तापातही चादरींच्या घड्या घालून येणारी. लाँड्रीत तुला उगीच इंजिन म्हणत नाहीत. तू स्वतःच्या शरीराचा विचार करायच्या आधी सुपरवायझरच्या हजेरीपटाचा करशील, अशी माझी खात्री होती. म्हणून म्हटलं, ही एक गोष्ट तरी आपण तिच्यासाठी वाचवू. हे कारण मला बरं वाटत होतं, त्यात मी चांगली दिसत होते. पण त्याच्या खाली दुसरं होतं. तू मला विचारलं असतंस, "तूच सांग बाळी, काय करू?" आणि मग पुढं काही वाईट झालं असतं तर ते माझ्या तोंडून झालं असतं. हेही पूर्ण खरं नाही, कारण रस्ता तर मीच निवडला ना. शिवाय तुला त्या बाजूला सपाट बघायची माझीच तयारी नव्हती. तुझ्या आजारात मी माझी भीती सांभाळत बसले.

मग सही. तू अंगठ्याशेजारी पेन घट्ट धरून तुझं पूर्ण नाव लिहिलंस. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती, "रुग्णाला सर्व माहिती तिच्या भाषेत समजावून सांगितली आहे." तिथं मी सही केली, ऐटीत, खाली दोन टिंबं देऊन. आई, माझी नोकरी काय आहे ते तुला माहीत आहे. नागरिक मदत केंद्राच्या खिडकीत बसून मी दिवसभर लोकांना सांगते, काका, पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका, तुमचा हक्क आहे. त्या खिडकीवरची पाटीसुद्धा मीच रंगवलीय.

तरीही मी गप्प राहिले असते. कागद झाला होता, तारीख मिळाली होती, बाबा सुट्टी टाकून मोकळे झाले होते. पण बुधवारी तू डबा विसरलीस आणि तो द्यायला मी लाँड्रीत आले. वाफेच्या इस्त्रीपाशी तुम्ही दोघी समोरासमोर उभ्या होतात, तू आणि उंच मावशी, मध्ये ताणलेली पांढरी चादर. मी अलीकडच्या चादरींच्या ढिगाआड होते, तुम्हाला दिसत नव्हते. मावशी म्हणाल्या, "माझ्या नणंदेला तर दोन रस्ते सांगितले होते बाई. यातला घ्या नाहीतर त्यातला." तू म्हणालीस, "माझ्यात एकच आहे." त्या म्हणाल्या, "नीट विचारलंस का पण?" त्यावर तू हसलीस, मला तो आवाज ओळखू येतो, आणि म्हणालीस, "माझी पोरगी होती आत. दुसरा असता तर तिनं सांगितला नसता का? टोक पकड नीट, सुरकुती पडतेय." मी डबा हजेरीच्या टेबलावर ठेवला आणि तुला न भेटताच निघून आले. तू घरी आल्यावर म्हणालीस, काय गं, डबा ठेवून पळालीस, एवढी काय घाई होती. मी म्हटलं, उशीर होत होता. आणखी एक वाक्य, खरं आणि अर्धं.

काल रात्रभर मी ठरवत होते की तुला समोर बसवून सांगावं. पण मला माझी भीती वाटली. समोर तुझा चेहरा पडला की मी पुन्हा थोडक्यात सांगेन, टोचेल ते गाळेन, आवाज गोड करेन. कागदावर तसं करता येत नाही. म्हणून लिहिलं. सोबत दुसरा कागद आहे, तो डॉक्टरीणबाईंच्या माहितीपत्रकाचा आपल्या भाषेतला उतारा आहे, ओळीला ओळ, मला न आवडलेल्या ओळींसकट. तुला काय हवंय ते मला माहीत नाही. आधी माहीत आहे असं वाटायचं. तू शेकाचा रस्ता घेतलास तरी चालेल, सगळं काढायचं म्हणालीस तरी चालेल, आणि हजेरीपटासाठी म्हणालीस तरी तो हजेरीपट तुझा आहे. मला काय वाटतं ते तू विचारलंस तर सांगेन, पण तू ठरवल्यावर.

आज सकाळी तू कामावर गेल्यावर मी दवाखान्यात गेले होते. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, चूक त्यांचीही आहे, घरच्या माणसाला दुभाषी करायला नको होतं. एक-दोन आठवडे पुढं ढकललं तर बिघडणार नाही ना, हे मी तीनदा विचारलं. नाही बिघडणार. मंगळवारी साडेदहाला तुला पुन्हा बोलावलंय. तिथं दवाखान्याची दुभाषी बाई असेल, ती सगळं सांगेल आणि तू विचारशील ते सगळं विचारेल. मी बाहेरच्या बाकावर बसेन. तू हाक मारलीस तरच आत येईन. फॉर्मवरच्या माझ्या सहीवर मी त्यांच्यासमोर आडवी रेघ मारली. त्यामुळे तुझ्या सहीचाही तो कागद रद्द झाला आणि सोमवारची तारीखही मी सोडून आले. हे तुला न विचारताच केलं आई, आणि तुझ्या बाबतीत न विचारता केलेलं हे शेवटचं.

तुझीच,
बाळी